टिनाखालचं ऊन

नागपूरचा मे महिना, दुपारचे अडीच वाजलेले. गॅरेजमध्ये बसून मी एका जुन्या शब्दकोशाचे फर्मे शिवत होतो. पंखा चालू होता, शटर अर्धं वर होतं, तरी टाळू जळत होती, कोणी तव्याखाली नेऊन बसवल्यासारखी. पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं केलेली खूण नीट दिसेना, म्हणून तो उजेडाकडे धरायला डोक्याच्या वर उचलला आणि टाळूची जळजळ एकदम थांबली. पुठ्ठा बाजूला केला, की पुन्हा सुरू. परत वर धरला, की बंद. दिवा लावावा-विझवावा इतक्या चटकन. मी आठ-दहा वेळा करून पाहिलं. भिंतीवरच्या थर्मामीटरचा पारा या सगळ्या वेळात त्रेचाळीसवरून हलला नाही.

हवा तीच, पंखा तोच, तापमान तेच. मग डोक्यावर येत होतं ते काय होतं?

हे गॅरेज दहा फूट रुंद, अठरा फूट लांब. तीन बाजूंनी विटांची भिंत, समोर लोखंडी शटर, वर गंजलेलं टिन. (पुण्या-मुंबईकडे पत्रा म्हणतात, आमच्याकडे टिन.) गाडी विकल्यापासून इथं माझं बुकबाइंडिंगचं काम चालतं. शिकंजा, खळीचं भांडं, पुठ्ठे, कापडाचे तुकडे आणि लोकांनी विश्वासानं ठेवायला दिलेली जुनी पुस्तकं. त्या दुपारपर्यंत माझी समजूत सगळ्यांसारखीच होती: खोली तापते म्हणजे खोलीतली हवा तापते, आणि गारवा हवा असेल तर हवा गार करायची. पुठ्ठ्यानं ती समजूत मोडली.

डोक्यावर येत होतं ते ऊनच होतं. टिनातून गळून आलेलं नाही, खुद्द टिनानं पाठवलेलं. प्रत्येक वस्तू, मग ती भिंत असो, मांजर असो की पाण्यानं भरलेला माठ, आपल्या तापमानानुसार सतत एक प्रकाश बाहेर टाकत असते. तो डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीला कळतो. तो हवेतून येतो, पण वाटेत हवेला फारसं तापवत नाही. सूर्याचं ऊन नाही का कोट्यवधी किलोमीटरच्या पोकळीतून येत, तसंच हे. म्हणून तर साधा पुठ्ठा त्याला अडवू शकतो. माझ्या पुठ्ठ्यानं डोक्यावर सावली धरली होती, छपराखाली, जिथं ऊन नाही असं मी समजत होतो तिथं.

या न दिसणाऱ्या उन्हाचा माग पहिल्यांदा लागला तो १८०० साली. विल्यम हर्शेल हा मुळात संगीतकार. १७८१ मध्ये युरेनस शोधून तो खगोलशास्त्रज्ञ म्हणून जगाला माहीत झाला होता. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडून तो प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहत होता. तांबड्याच्या पलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथं ठेवलेल्या थर्मामीटरचा पारा सगळ्यांत जास्त चढला. दोनशेहून अधिक वर्षं होऊन गेली, तरी ही गोष्ट आठवली की मला आजही थांबून राहावंसं वाटतं. इंद्रधनुष्य जिथं संपतं असं आपल्याला वाटतं, तिथं ते संपत नाही.

पुढे स्टेफान आणि बोल्ट्झमान यांनी १८७९ आणि १८८४ मध्ये याचा हिशेब मांडला. तापमान शून्याखालच्या २७३ अंशांपासून, म्हणजे केल्विनमध्ये, मोजायचं आणि त्याचा चौथा घात घ्यायचा. आकडा स्वतःशीच चार वेळा मांडून गुणायचा, म्हणजे थोडं तापमान वाढलं तरी प्रकाश भराभर वाढतो. आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून मी बंदुकीसारखं धरायचं इन्फ्रारेड थर्मामीटर मागून आणलं. टिनाच्या आतल्या बाजूवर रोखलं, तर आकडा आला ६५ अंश. माणसाची कातडी साधारण ३५. हिशेब केला, तर तसलं गंजलेलं टिन कातडीच्या दर चौरस मीटरवर, ती जे परत पाठवते ते वजा जाऊनही, दोनशेहून जास्त वॉटची भर घालू शकतं. स्वस्थ बसलेल्या माणसाचं अख्खं शरीर मिळून शंभर वॉटच्या आसपास उष्णता तयार करतं, आणि ती बाहेर टाकायलाच त्याची एवढी धडपड असते. घाम पुसत बसणारा माणूस हवेशी झगडत असतो असं आपल्याला वाटतं. त्याची निम्मी लढाई छपराशी असते.

आणि छप्पर तरी काय करणार? मेमधल्या दुपारी आमच्याकडे दर चौरस मीटरवर हजार वॉटच्या जवळपास ऊन पडतं. माझ्या छपराचं क्षेत्रफळ सोळा-सतरा चौरस मीटर. म्हणजे एकेक किलोवॉटच्या पंधरा-सोळा इस्त्र्या छपरावर ओळीनं मांडून चालू ठेवाव्यात, तेवढी आच. सिमेंटचा स्लॅब ती आच पोटात घेतो आणि चार-पाच तासांनी, संध्याकाळी, खाली सोडतो. म्हणूनच स्लॅबच्या घरात रात्री आठला जास्त गदमदतं. टिनाला पोटच नाही. वर पडलं, की लगेच खाली.

उपाय मला दोन माहीत होते. चुना मारणं, आणि चकचकीत काहीतरी लावणं. दोन्ही ‘ऊन परत पाठवतात’ एवढंच ठाऊक होतं. मग दोन्ही एकच काम करतात की काय? करत नाहीत. या सगळ्या प्रकरणातला मला सगळ्यांत सुंदर वाटलेला भाग इथं आहे.

एका पहाटे शिडी लावून छपरावर चुना मारला. चांगला भिजवून गाळलेला, पकड यावी म्हणून थोडा डिंक घातलेला, दोन हात. त्याच दुपारी, त्याच वेळेला टिनाची आतली बाजू ४९ अंश निघाली. सोळा अंश उतरले, आणि खर्च आला दोन पिशव्या चुन्याचा. पांढरा रंग सूर्याचं ऊन मागं फिरवतो, हे लहान मुलालाही सांगता येतं. नवल पुढे आहे. तोच चुना, सूर्याच्या प्रकाशात पांढराशुभ्र दिसणारा, न दिसणाऱ्या उन्हाच्या बाबतीत जवळजवळ काळा असतो. म्हणजे जी थोडी उष्णता छपरात मुरते, ती तो आकाशाकडे सढळ हातानं सोडून देतो. येणारं अडवायचं आणि आलेलं घालवायचं, दोन्ही कामं एकाच थरात. चकचकीत कोऱ्या टिनाचं उलट आहे. ते बरंचसं ऊन परतवतं खरं, पण जे मुरलं ते सोडायची त्याची दानतच नाही. म्हणून उन्हात ठेवलेलं कोरं, लखलखीत टिन चुना मारलेल्या टिनापेक्षा कितीतरी जास्त चटका देतं.

चकाकीचा हा कंजूषपणा जॉन लेस्ली या स्कॉटिश माणसानं १८०४ मध्ये दाखवून दिला होता. धातूचा एक चौकोनी डबा घ्यायचा, एक बाजू काजळी लावून काळी करायची, एक घासून लख्ख ठेवायची आणि आत उकळतं पाणी भरायचं. पाणी एकच, डबा एकच, तापमान एकच. पण काळ्या बाजूसमोर हात धरला की ऊब लागते आणि लख्ख बाजूसमोर जवळजवळ लागतच नाही. हा प्रयोग घरी स्टीलच्या डब्यावर करता येतो. करून पाहाच. डब्याला हात मात्र लावू नका, कारण लख्ख बाजू तितकीच तापलेली असते. ती फक्त गप्प असते.

आता हा कंजूषपणा कामाला लावायचा, पण छपराच्या आतून. चुना मारल्यावरही ४९ अंशांचं टिन डोक्यावर होतंच. बाजारात फुग्यांच्या प्लॅस्टिकवर अॅल्युमिनियमची पन्नी चिकटवलेले गुंडाळे मिळतात. तो मी टिनाखाली चार बोटं जागा सोडून, चकचकीत बाजू खाली ठेवून, तारेवर ताणून बसवला. लोक विचारतात, चकचकीत बाजू वर नको का, उन्हाकडे? खालीच असलेली बरी. वरची बाजू वर्षभरात धुळीनं माखते आणि धुळीचा थर काजळीसारखाच उदार असतो. खालच्या बाजूवर धूळ बसत नाही. वरून टिन पन्नीला तापवतंच, पण तापलेली पन्नी खाली माझ्याकडे पाठवते ते काळ्या पृष्ठभागाच्या अवघं पाच टक्क्यांच्या आसपास. उरलेली उष्णता ती स्वतःजवळच धरून बसते.

त्या दिवशी मी थर्मामीटरची बंदूक पन्नीवर रोखली तर तिनं दाखवलेला आकडा खालच्या फरशीच्या तापमानाला जवळजवळ चिकटून होता. पाच बोटं पन्नीला टेकवली, तर ती त्याहून स्पष्ट गरम. बंदूक बिघडली नव्हती. ती बंदूक वस्तूनं सोडलेलं न दिसणारं ऊन मोजते, आणि पन्नी स्वतःचं ऊन सोडतच नव्हती. तिच्यात फरशीचं प्रतिबिंब पडलं होतं. आरशात जसं आपलं तोंड दिसावं, तसं बंदुकीला छपरात फरशी दिसत होती. मग मी पुठ्ठा घेऊन त्याच जागी बसलो आणि डोक्यावर धरला. काढला. पुन्हा धरला. काही फरक कळेना.

इथं एक सांगून ठेवतो. पन्नीऐवजी उघडं थर्माकोल लावायचा मोह स्वस्ताईमुळे होतो. त्यात अडकलेली हवा उष्णता चांगली अडवते, गोधडीतली अडवते तशीच. पण ठिणगी पडली तर ते भडकतं आणि त्याचा धूर फार वाईट. कागदाच्या कारखान्यात ते नकोच.

छप्पर शांत झालं, आता हवेचं. विदर्भात याला एकच उत्तर, कूलर. तिन्ही बाजूंना गवत, खाली टाकी, वर पाणी चढवणारा छोटा पंप. दर मार्चअखेर गवत बदललं, की पहिल्या संध्याकाळी घरभर जो ओल्या गवताचा वास सुटतो, तो आमच्याकडे उन्हाळ्याचा पहिला दिवस. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे दोन हजार चारशे किलोज्यूल उष्णता लागते, आणि ती पाणी समोरच्या हवेतूनच काढून घेतं. एका तासात पाच लिटरांच्या थोडं वर पाणी उडालं, तर तेवढ्यानं खेचलेली उष्णता एक टनाच्या एसीनं तासाभरात खेचलेल्या उष्णतेइतकी भरते. हा ‘टन’ एसीच्या वजनाचा नाही. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, त्याचं ते माप. यंत्रं येण्याआधी गारवा खरोखरच बर्फाच्या टनांनी विकला जात होता. १८३३ मध्ये बोस्टनहून कोलकात्याला टस्कनी नावाचं जहाज १८० टन बर्फ घेऊन निघालं होतं आणि चार महिन्यांनी त्यातला शंभरेक टन घेऊन पोचलं. तेही उष्ण कटिबंधातून.

कूलर किती गार करील ते हवेच्या कोरडेपणावर ठरतं. आमच्याकडे मेमध्ये तापमान ४४ आणि आर्द्रता १५ टक्के असते, तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३ पर्यंत उतरतो. चांगला कूलर २८-२९ अंशांची हवा फेकतो. तोच कूलर मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत लावला, तर चार-पाच अंश मिळतील आणि अंगाला चिकचिक होईल ती वेगळी. आणि शटर बंद करून कूलर लावणं ही चूक मी शेजारीपाजारी कितीदा पाहिली आहे. आलेल्या हवेला जायला वाट हवी. नाहीतर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरते आणि पाणी उडायचं थांबतं. मी कूलरच्या समोरच्या भिंतीत, वरच्या अंगाला, दोन विटांचा झरोका काढून घेतला. गरम हवा वर चढते, तिला तिथूनच वाट दिली.

पण माझा धंदा कागदाचा. कूलर सुरू झाला आणि खळ वाळायला लागणारा वेळ दुप्पट झाला. त्याआधी उलटी अडचण होती. कोरड्या हवेत खळ कापडावर पसरेपर्यंतच सुकायची आणि ताजा चिकटवलेला पुठ्ठा सकाळपर्यंत पोह्याच्या पापडासारखा वाकायचा. कागदाचे तंतू दमट हवेत फुगतात, लांबीत थोडे, जाडीत जास्त. त्यामुळे कागद तंतूंच्या आडव्या दिशेनं वाढतो. आपल्या डोळ्यांदेखत नाही, पण बांधणीत ते सगळं उमटतं.

याच कागदाच्या फुगण्यातून एसी जन्माला आला, हे वाचलं तेव्हा मला मोठा आनंद झाला होता. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला एक रंगीत छपाईचा छापखाना हैराण होता. एकच कागद वेगवेगळ्या शाईसाठी पुन्हा पुन्हा यंत्रातून काढायचा, आणि मधल्या वेळात दमट हवेनं तो फुगायचा, की रंगावर रंग बसत नसे. विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्याकडे ते काम आलं. त्यानं हवा गार नळ्यांवरून नेली. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, तसं हवेतलं पाणी नळ्यांवर जमलं आणि कोरडी हवा पुढे गेली. माणसाच्या सुखाचा त्यात विचारच नव्हता. सगळी खटपट कागदासाठी. माझ्या गॅरेजातले शब्दकोश आणि तो छापखाना यांचं दुखणं एकच.

मी एसी घेतलेला नाही. शिवणं, कापणं, मोजणं दुपारी कूलरसमोर करतो, खळीचं काम सकाळी सात ते दहा कूलर बंद ठेवून, आणि चिकटवलेलं सगळं शिकंज्यात दाबून ठेवतो.

जानेवारीत याच गॅरेजनं मला दुसरं आश्चर्य दाखवलं. नागपुरात थंडीच्या लाटेत पारा आठ-दहा अंशांवर येतो. पन्नी लावायच्या आधीच्या हिवाळ्यात, सकाळी सहाला शटर उघडलं तर मेजावर ठेवलेल्या कागदांवर पाण्याचे ठिपके पडले होते. पाऊस नाही, गळती नाही. वर पाहिलं, टिनाच्या आतून थेंब लोंबत होते. टिन हवेपेक्षाही गार झालं होतं आणि आतल्या हवेतलं बाष्प त्यावर जमलं होतं. हवेपेक्षा गार कसं होईल? कारण निरभ्र रात्री छप्पर आकाशाकडे पाहत असतं आणि आकाशाकडून त्याला फारसं काही परत येत नाही. मेमध्ये माझ्या डोक्याला छप्पर जे करत होतं, तेच जानेवारीत छप्पर आकाशाला करतं.

पन्नीनं इथंही काम केलं. कडा चिकटपट्टीनं नीट बंद केल्यावर ठिपके पडायचे थांबले, आणि अंगातून निघणारी ऊब वरच्या गारठलेल्या टिनात न जाता परत अंगावर येऊ लागली. एकच पन्नी उन्हाळ्यात छपराला गप्प करते आणि हिवाळ्यात मला माझीच ऊब परत देते.

उरलेल्या थंडीसाठी लाल सळीचा हीटर. हवा तापवणारा ब्लोअर मोकळ्या गॅरेजात वाया जातो, कारण तापलेली हवा शटरच्या फटीतून आणि झरोक्यातून निघून जाते. सळी हवेच्या भानगडीत न पडता सरळ हातांवर ऊन पाडते, चुलीसमोर बसल्यासारखं. सिमेंटच्या जमिनीवर पायाखाली एक लाकडी फळी. फळी आणि फरशी एकाच तापमानाच्या असतात, पण फरशी पायातली उष्णता भराभर ओढते आणि फळीला ते जमत नाही. कोळशाची शेगडी मात्र शटर बंद करून कधीही पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तात ऑक्सिजनची जागा तो त्याच्याहून दोनशेपट घट्टपणे धरतो. झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस उठत नाही.

माझा भाचा मिनेसोटात असतो. तिथं गॅरेज म्हणजे घराचाच एक भाग, आणि त्यात सुतारकाम करणारे घरोघरी. त्याच्याकडे बाहेर उणे वीस. तिथं लाकडाचा पांढरा गोंदही थंडीनं नीट धरत नाही, खडूसारखा भुरभुरीत वाळतो. त्यानं गॅसचा हीटर लावून पाहिला, तर खिडकीवर पाणी आणि करवतीच्या लोखंडी मेजावर गंज. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं, आणि धुराला बाहेर वाट नसेल तर ते सगळं खोलीतच राहतं. आता त्यानं भिंतीवर उलटा चालणारा एसी बसवलाय, हीट पंप. तो बाहेरच्या थंडीतून उष्णता गोळा करून आत आणतो. उणे वीसच्या हवेत कसली उष्णता? शून्य केल्विनपासून मोजली तर ती हवा २५३ अंशांवर आहे, तिच्यात देण्यासारखं पुष्कळ उरलेलं असतं. बेताच्या थंडीत विजेच्या एका युनिटला तीन युनिट ऊब मिळते. कडाक्यात हा हिशेब दोनाच्या खालीही उतरतो. लॉर्ड केल्विननं ही कल्पना १८५२ मध्येच मांडली होती, यंत्र हातात नसताना, निव्वळ कागदावर.

यंदाच्या जानेवारीत मी एका पहाटे साडेपाचला मुद्दाम शिडीवर चढलो. हवा अकरा अंश. बंदूक छपरावर रोखली, आठ. नंतर सरळ वर, चांदण्यांकडे रोखली, तर पडद्यावर उणे आकडा आला. चुन्यावर दवाचा बारीक थर होता, बोट फिरवलं तर रेघ उठली. त्या क्षणी छपरातून निघालेल्या न दिसणाऱ्या प्रकाशाचा काही भाग ढगांच्या, वाऱ्याच्या, हवेच्या कशाच्याही अंगाला न लागता सरळ निघून जात होता. चंद्र तिथून सव्वा सेकंदावर. मी शिडीवरून खाली उतरून शटर वर केलं, तोवर माझ्या गॅरेजची ऊब चंद्र ओलांडून गेली होती.